आतून हात फिरव

दादाचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा मोडत होते. "रविवारी ये," तो म्हणाला, "टायर बदलायचाय. गुडघे घेऊन ये."

एवढंच बोलला आणि फोन ठेवला. मी शेंग हातात धरून तशीच बसले. पस्तीस वर्षांत त्यानं मला या कामाला बोलावलं नव्हतं. माझे गुडघे आता जिना चढताना कुरकुरतात, पण ते त्याला सांगून काय उपयोग. त्याच्या लेखी मी अजून दोन वेण्यांचीच आहे.

माझा भाऊ एके काळी मातीतल्या शर्यती मारायचा, मोटरसायकलच्या. शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी, दिवे काढून टाकलेले, मडगार्ड कापलेलं, आणि चाकांना जाड जाड ठोकळ्यांचे टायर, माती धरून ठेवणारे. हे टायर बसवायला त्याचा कुठल्याच दुकानावर विश्वास नव्हता. त्यामुळे ते आमच्या अंगणात बदलले जायचे, आणि त्याला दोन माणसं लागायची. चाक जमिनीवर आडवं पाडायचं. एकानं टायरच्या काठावर गुडघे रोवून बसायचं, म्हणजे काठ रिमच्या मधल्या खोबणीत दबून राहतो आणि समोरून सैल पडतो. दुसऱ्यानं समोर लिव्हर, म्हणजे चपटी लोखंडी दांडी, घालून तो काठ वीत वीत बाहेर ओढायचा. दादा लिव्हर, मी गुडघे. मला चांगलं नाव होतं, शाळेच्या हजेरीत होतं, पण अंगणात मी नुसती 'गुडघे' होते. "गुडघे, ये इकडे," अशी हाक आली की मी अभ्यास टाकून पळायची.

ती गाडी आता दारातून जाणार होती. घोटीची एक मुलगी न्यायला येणार होती, भाताच्या गिरणीवाल्यांची, स्वतः शर्यती मारणारी. दादानं गाडी तिला देऊन टाकली होती. कारण त्याचे हात. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्यात सुरू झालेली थरथर आता दोन्ही हातांत उतरली आहे. कंपवात म्हणतात. वहिनी त्याला चहाचा कप अर्धाच भरून देते. असल्या हातांनी गाडी पुसत बसण्यापेक्षा पळवणाऱ्याच्या हाती गेलेली बरी, असं तो म्हणाला. पण मागचा टायर कित्येक वर्षांचा, भेगा पडलेला, जमिनीला टेकलेला. "लंगडी गाडी मी दारातून काढणार नाही," हेही तोच म्हणाला. मुलगी चार वाजता येणार होती.

आणि चार वाजायच्या आत मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. सांगायचीच होती, कारण तो मागचा टायर एका रविवारी टेम्पोतून घरी आला तो आजवर उघडलाच गेला नव्हता. आज तो उघडणार होता, आणि त्याच्या आत काय आहे ते फक्त मला माहीत होतं. दादानं ते स्वतः काढण्याआधी माझ्या तोंडून त्याला कळायला हवं होतं. मी काही मोठी धाडसी बाई नाही. रिक्षा नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास अडकली तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं. त्या हॉर्नच्या गलबल्यात मी एकच वाक्य मनात दहा वेळा जुळवलं आणि दहाही वेळा ते मध्येच मोडलं.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गंगापूर रोडला घर बांधलं तेव्हा लोक म्हणाले, कुठे रानात चाललात. घरामागे द्राक्षबागा होत्या. थंडी सरत आली की बागांवर गंधकाची पावडर मारायचे, आणि तो पिवळा, घशाला लागणारा वास दोन-दोन दिवस आमच्या उशांत राहायचा. आता मागे सात मजले उभे आहेत. त्यांच्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे आमच्या अंगणात डोकावतात. पण फाटकाची कडी अजून तीच आहे, वर उचलून मग डावीकडे ढकलावी लागते. ती मी सवयीनं ढकलली आणि आत गेले.

गाडी चिक्कूच्या झाडाखाली द्राक्षाच्या लाकडी खोक्यावर चढवलेली होती. हे खोकंही तेव्हाचंच, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या मारलेलं. आता सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट. मागचं चाक काढून उन्हात आडवं ठेवलं होतं, रबर जरा नरम पडावं म्हणून. शेजारी द्वारकेच्या दुकानातून आणलेला नवा टायर, नवी ट्यूब, साबणाच्या पाण्याचं डबडं, अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणि तीन लिव्हर एका ओळीत. दादा हत्यारं नेहमी अशीच मांडायचा, पूजेला मांडतात तशी.

"चाक कुणी काढलं?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला.

वहिनी ओट्यावरून म्हणाली, "सकाळी सहापासून लागलेत. एक नट काढायला पाऊण तास. मी म्हटलं, शेजारच्यांना हाक मारते, तर माझ्यावरच डोळे वटारले."

"हे घरचं काम आहे," दादा म्हणाला. वहिनी मान हलवून आत गेली.

घरचं काम. त्या दोन शब्दांत आमचे कितीतरी हिवाळे होते. शर्यती थंडीपासून पुढे सुरू व्हायच्या, कडक ऊन पडेपर्यंत चालायच्या. शनिवारची शाळा सकाळची. मी घरी यायची तेव्हा दादानं चाक खोललेलं असायचं. नाशिकची थंडी, बसायला थंडगार फरशी, आणि गुडघ्याखाली टायरचे ठोकळे. उठले की गुडघ्यांवर चौकोन उमटलेले असत. मी ते शाळेत मैत्रिणींना दाखवायची. त्यांना वाटायचं मला घरी शिक्षा करतात.

पावडरचा वास मला आजही बाळांचा वाटत नाही, टायरचा वाटतो. ट्यूबला पावडर चोळायची, म्हणजे ती आत कुठे चिकटत नाही. दादा ट्यूब मांडीवर घेऊन अशी चोळायचा की आई म्हणायची, "बाई गं, एवढी मालीश तुलासुद्धा नव्हती केली." मग साबणाचं पाणी, मग लिव्हरचा रिमवर वाजणारा आवाज, मग पायपंपाचा धापा टाकल्यासारखा आवाज. आणि शेवटी ज्याची वाट बघायची तो. हवा भरत गेली की टायरचा काठ एकदम रिमला जाऊन बसतो, ठप्प. एक बाजू, मग दुसरी बाजू. दोन ठप्प ऐकू आल्याशिवाय आम्ही बोलत नसू. दुसरा ठप्प कधी कधी फार उशिरा यायचा. तेवढा वेळ अप्पासुद्धा पेपर खाली धरून बसायचे. त्यांना शर्यती मुळीच पसंत नव्हत्या, पण दुसरा ठप्प आल्याशिवाय पेपर पुन्हा वर जायचा नाही.

नंतर गोडेतेल आणि साखर तळव्यांवर घेऊन खरखरा चोळायचं, म्हणजे काळं निघतं. माझ्या नखांतलं पूर्ण कधीच निघायचं नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट होती जिच्यावर दादा अडून बसायचा. टायर उघडला, ट्यूब बाहेर आली, की तो म्हणायचा, "आतून हात फिरव." उघडा हात टायरच्या पोटात घालायचा आणि सगळा फेरा सावकाश फिरवायचा. आमच्याकडच्या मैदानांवर बाभळी. काटा ठोकळ्यातून आत शिरतो, बाहेरून मोडतो, आणि आत टोक उरतं, तिळाएवढं. डोळ्याला दिसत नाही. तळव्यालाच कळतं. ते राहिलं तर दुरुस्त केलेली ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा बसते. हे काम दादानं मला दिलं होतं, कारण माझा हात लहान होता आणि कातडी मऊ. एकदा मला टोक लागलं, रक्त आलं, आणि मी हसले. सापडलं म्हणून. दादानं माझं बोट तोंडात धरलं आणि म्हणाला, "शाबास."

आज जुना टायर काढायला आम्ही बसलो. मी साडी खोचली आणि गुडघे काठावर रोवले. देवाशप्पथ सांगते, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दादानं लिव्हर घेतली. ती त्याच्या हातात रिमवर आपोआप वाजू लागली, टकटक टकटक. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. दुसरा हातही हलत होता. लिव्हर काठाखाली जायची आणि सटकायची. तीन वेळा सटकली. चौथ्यांदा त्याच्या अंगठ्याला लागली. त्यानं लिव्हर खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे असा बघत राहिला की मला त्या हातांचा राग आला.

मग म्हणाला, "जागा बदल."

"म्हणजे?"

"तू लिव्हर घे. मी गुडघे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूला बसले. दादानं गुडघे रोवले. हात मांडीखाली दाबून ठेवले. त्याचे गुडघे मात्र हलत नव्हते. "वीत वीत घे," तो म्हणाला. "हावरटपणा करू नको. आधी एवढं, मग तेवढं." रबर लाकडासारखं झालं होतं. मी साबणाचं पाणी ओतलं, जोर केला, घाम पुसला. अर्ध्या तासानं एका बाजूचा काठ बाहेर आला. ट्यूब ओढली तर ती काळी, चिकट, पापडासारखी तुटत तुटत आली. मग दुसरा काठ. टायर रिमपासून सुटून अंगणात पडला आणि त्यातून जुन्या पावडरचा वास आला. पस्तीस वर्षं तो आत कोंडून होता.

तो टायर ज्या आठवड्यात बसवला होता, त्या आठवड्यात आमच्या घरातली दोघंही बघितली जाणार होती. शनिवारी संध्याकाळी मला बघायला सिन्नरचे लोक येणार होते. आणि रविवारच्या शर्यतीत पुण्याची एक टीम रायडर बघायला येणार होती. दादाचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी निवडलं की गाडी त्यांची, टायर त्यांचे, देशभर शर्यती. अप्पा म्हणाले होते, "घेतलं तर जा. नाही घेतलं तर सातपूरला नोकरी बघून ठेवलीय." दादा आठवडाभर जेवताना सुद्धा वळणं घेत होता. ताटात भाताचा डोंगर करायचा आणि बोट त्याच्या बाहेरून फिरवायचा.

आईनं मला सोमवारपासून अंगणबंदी केली होती. "नखात काळं दिसलं तर काय म्हणतील ते लोक," हे तिचं एकच पालुपद. सकाळ-संध्याकाळ हाताला साय. हात असे मऊ आणि गोरे झाले होते की मी स्वतःच ते न्याहाळत बसायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होते.

शुक्रवारी सरावात दादाला काटा लागला. शनिवारी दुपारी त्यानं ट्यूब दुरुस्त केली. घरात गडबड, पोह्यांची फोडणी, आई साडीला इस्त्री करतेय. त्यानं खिडकीतून हळूच हाक मारली, "गुडघे, पाच मिनिटं." मी मागच्या दारानं गेले. तो ट्यूबला पावडर लावत होता. मला म्हणाला, "आतून हात फिरव." मी माझ्या हातांकडे बघितलं. शेजारी आईच्या जुन्या मरून लुगड्याचं फडकं पडलं होतं. ते मी हाताला गुंडाळलं आणि टायरच्या आत फिरवलं.

एका जागी फडकं अडकलं.

इतकंच. अडकलं, मी ओढलं, ते सुटलं. आत आईनं हाक मारली. दादानं मान वर न करता विचारलं, "आहे काही?" आणि मी म्हणाले, "काही नाही."

संध्याकाळी सिन्नरच्या लोकांनी मला पसंत केलं. मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन म्हटलं, किती स्वच्छ हात आहेत मुलीचे. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत, मोठ्या वळणावर, दादाचं मागचं चाक बसलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. पुण्याचे लोक चहा पिऊन निघून गेले. गाडी टेम्पोतून आली आणि शेडमध्ये गेली. पुढे दादा सातपूरच्या कारखान्यात लागला, माझं लग्न झालं, आणि माझा संसार चांगला झाला. माझे यजमान जाऊन आता तीन वर्षं झाली, पण संसार चांगला झाला, हे मी नाकारू शकत नाही. त्या स्वच्छ हातांवर तो उभा होता, हेही नाकारू शकत नाही.

दर दसऱ्याला दादा गाडी धुवायचा, झेंडूची माळ घालायचा, खोक्यावर चढवून एक किक मारायचा. निळा धूर अंगणभर व्हायचा. मी सोनं द्यायला गेले की त्या धुरातून त्याच्या पाया पडायची. प्रत्येक दसऱ्याला ठरवायची, आज सांगते. प्रत्येक दसऱ्याला आपट्याची पानं देऊन परत यायची.

आता दादानं तो जुना टायर पुढ्यात ओढला आणि आत हात घालायला वाकला. सवयीनंच.

"थांब दादा," मी म्हणाले. "हात घालू नको. आत काटा आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रिक्षात जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. जसं झालं तसं सांगितलं. साय, फडकं, अडकलं ते, ओढलं ते, आणि मग "काही नाही" म्हणाले ते. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकले नाही, लिव्हरांकडे बघत होते.

दादानं टायरमध्ये हात घातला आणि फिरवू लागला. सावकाश, थरथरत, सगळा फेरा. अर्ध्यावर थांबला. बोटं तिथेच घुटमळत राहिली, पण त्याला चिमूट जुळेना.

"काढ तू," तो म्हणाला.

मी काढलं. काळं, तिळाएवढं टोक. आणि त्याला गुंडाळलेला एक धागा. रंग विटला होता, पण मरून होता हे कळत होतं. मी तो त्याच्या तळव्यावर ठेवला. तळवा हलत होता म्हणून मी खालून माझा हात धरला.

"मी तुझ्यामागून कधी हात फिरवला नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. गरज वाटली नाही."

यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. लहान मुलीसारखी, नाक ओढत. वहिनी दारात आली, आमच्याकडे बघून तशीच मागे फिरली.

"हे तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस," दादा म्हणाला. आवाज कडक होता. "शर्यत गेली त्याचं सोड. टीम गेली, तेही सोड. तुला माहितीय मी पस्तीस वर्षं काय करतोय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"ते वळण घेतोय. रोज. अंघोळ करताना, कारखान्याच्या बसमध्ये, परवा डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. सगळे वळणाला आतून जायचे. मी बाहेरून गेलो. बाहेर वेग मिळतो. पण बाहेरच्या अंगाला बाभळी होत्या. मला वाटलं, तिथलाच काटा लागला. अप्पासुद्धा तेच म्हणाले, आतून गेला असतास तर. मरेपर्यंत म्हणाले. मी टायर उघडलाच नाही. उघडून काय बघायचं, आपलीच चूक." तो थांबला. तळव्यावरच्या धाग्याकडे बघत राहिला. "म्हणजे काटा शुक्रवारचाच होता."

"हो."

"वळणावरचा नव्हता."

"नव्हता दादा."

"मग मी बरोबर गेलो होतो," तो म्हणाला.

हे त्यानं इतक्या हळू म्हटलं की मला वाटलं तो स्वतःशीच बोलला. मग त्यानं मान वर करून चिक्कूच्या झाडाकडे बघितलं, आणि पुन्हा म्हणाला, "बाहेरून बरोबरच होतं." त्याचा चेहरा मला तेव्हा ओळखू येईना. पंचविशीतला दादा मी विसरले होते, तो तिथे बसला होता. मी त्याची एक शर्यत बुडवली हे मला माहीत होतं. त्याचं ते वळणही मीच रोज बुडवत होते, हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं. माफी माग, असं तो म्हणालाही नाही.

वहिनीनं पाणी आणून ठेवलं. पेला दोन्ही हातांत धरून तो पाणी प्यायला, थोडं सांडलं, आणि म्हणाला, "तीन वाजून गेले. उठा."

नवा टायर त्यानं माझ्यापुढे सरकवला.

"आतून हात फिरव."

नवा असला तरी हात फिरवायचाच, हा त्याचा जुना नियम. मी बांगड्या वर सरकवल्या आणि उघडा हात आत घातला. एक फेरा, दोन फेरे, तीन. नव्या रबराचे बारीक केस तळव्याला लागत होते. रिमच्या पट्टीवरूनही फिरवला. तळवा काळा झाला, नखं भरली. "काही नाही," मी म्हणाले. तेच दोन शब्द तोंडातून निघाले आणि मी दचकले. टायर त्याच्याकडे ढकलला. "तू फिरव ना एकदा."

"कशाला?" दादा म्हणाला. "पावडर दे इकडे."

त्यानं ट्यूब मांडीवर घेतली. पावडर लावायला थरथर आड येत नाही, उलट बरी पसरते, असं तोच म्हणाला, आणि थोडं हसला. मग मी लिव्हर, तो गुडघे. वीत वीत. शेवटचा वीतभर काठ व्हॉल्व्हपाशी आणून आत ढकलला तेव्हा माझ्या कंबरेचे टाके ढिले झाले होते. पंप त्यानं पायानं मारला. पाय अजून त्याचे आहेत. आम्ही दोघं चाकावर वाकून बसलो. पहिला ठप्प लगेच आला. दुसरा येईना. दादा मारत राहिला, धापा टाकत. वहिनी दारात पदर धरून उभी. अप्पांची खुर्ची ओट्यावर होती तिच्याकडे मी उगाचच बघितलं. मग आला. ठप्प. वहिनीनं सुस्कारा सोडला.

चारला पाच कमी असताना घोटीची मुलगी पिकअप घेऊन आली. केस आखूड, कोपरावर जुन्या जखमेचा वण. गाडीकडे न बघता आधी मागचं चाक दाबून बघितलं, तेव्हाच मला ती पटली. "काका, टायर घरी बदलला?" तिनं विचारलं. "लय भारी बसवलाय."

"बहिणीनं बसवला," दादा म्हणाला.

गाडी पिकअपमध्ये चढली, दोऱ्या बांधून झाल्या. वहिनीनं हळदकुंकू लावलं. मुलगी निघताना म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात शर्यत हाय. मैदान तुमच्या वेळचंच. ते मोठं वळण नाय का, तिथं सगळे आतून जात्यात. मी काय करू?"

दादानं लिव्हर उचलली आणि वाकून अंगणातल्या मातीत वळण काढलं. हात थरथरत होता, रेघ नागमोडी आली. ती त्यानं पायानं पुसली. मग माझ्याकडे बघितलं. मी जवळ गेले, माझ्या काळ्या हातानं त्याचं मनगट धरलं, दोन ठिकाणी मोडलेलं तेच. रेघ सरळ गेली, वळली, आणि वळणाच्या अगदी बाहेरच्या कडेनं पुढे निघाली.

"बाहेरून," दादा म्हणाला. "बिनधास्त."